स्पेसचे टॅब करून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

फोनवर तुमचे आभार मानले होतेच. पण तुम्ही जे समजावलंत ते इतरांच्याही उपयोगी पडावं, म्हणून हे जाहीर पत्र.

'मेक' हे प्रोग्राम बांधणारं साधन, आणि काय कसं बांधायचं हे त्याला सांगणारी ती मेकफाइल. ईमेलच्या मजकुरातून आमच्याकडे आलेल्या मेकफाइलींमधले सगळे टॅब वाटेतच स्पेस होऊन बसले होते. मेकला आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं, तेव्हापासूनचा हा दंडक. डोळ्यांना सगळं जागच्या जागी दिसायचं आणि मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणून अडून बसायचं.

तुम्ही आधी फाइलीतला मजकूर दाखवणारी 'कॅट -टी' ही आज्ञा चालवायला लावलंत. खरा टॅब असेल तिथे '^आय' उमटतं. आमच्याकडे एकही उमटलं नाही, तेव्हाच दुखणं कळलं. मग 'अनएक्स्पांड', म्हणजे स्पेसचे टॅब करणारी आज्ञा. एडिटरमध्ये सरसकट फाइंड-रिप्लेस केलं असतं, तर ओळींच्या मधल्या स्पेसही गेल्या असत्या. ही आज्ञा एरवी फक्त ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बघते आणि ८ स्पेसचा एक टॅब करते.

काही फाइलींत मात्र ही जागा ४ स्पेसची होती, आणि तुमचा अनुभव काय चीज आहे ते मला इथे दिसलं. टॅबची रुंदी ४ आहे असं सांगणारं नुसतं '-टी ४' दिलं की अनएक्स्पांड गुपचूप ओळीतल्या इतर मोकळ्या जागांनाही हात घालतं. सोबत '--फर्स्ट-ओन्ली' दिलं, तरच ते सुरुवातीपाशी थांबतं. मॅन्युअलमध्ये हे आहे, पण तिथे नेमकं काय बघायचं हे कुणीतरी दाखवावं लागतं.

निकाल '>' वापरून त्याच फाइलीत वळवायचा नाही, हेही तुम्ही बजावलंत. शेल, म्हणजे आपल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आधी फाइल रिकामी करतं आणि मग आज्ञा सुरू होते. वाचायला काही उरतच नाही. तात्पुरत्या फाइलीत घ्यायचं, तपासायचं, मग 'एमव्ही'ने ती मूळ फाइलीच्या जागी ठेवायची. शेवटी 'गिट डिफ -डब्ल्यू', म्हणजे मोकळ्या जागा सोडून फाइलींतले बाकीचे बदल दाखवणारी आज्ञा. ते कोरं आलं, म्हणजे स्पेस-टॅबखेरीज काहीच बदललं नव्हतं. केवढं हायसं वाटलं!

तयार ओळ पाठवून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी प्रत्येक पर्याय कशासाठी, हे तुम्ही सांगत राहिलात. आता त्या आज्ञा कारणांसकट आमच्या रीडमी फाइलीत आहेत, आणि नव्याने आलेली मुलं त्या वाचून आपल्या फाइली आपणच दुरुस्त करतात.

मनापासून आभार, ताई.

आपला,
एक सहकारी