खुलासा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यापासून डोळ्याला डोळा लागला नाही. तू जाता जाता सांगितलंस, नाईटला एक आजोबा बाथरूमला जायला उठले आणि पडले, खुब्याचं हाड मोडलं, मॅनेजरने स्टेटमेंट मागितलं आणि तू हॅन्डओव्हर झाल्या झाल्या तिथेच बसून तीन पानं लिहून दिलीस. बारा तासांची ड्यूटी करून. वर मलाच धीर दिलास, "आई, इथे इंग्लंडात सगळं नियमाने चालतं." अगं, नियमाने चालतं म्हणूनच तर भीती वाटते. तू किती दमली होतीस ते नियमाला दिसत नाही, त्याला कागद दिसतो.

युनियनमध्ये आहेस का, असं विचारलं तर हसलीस. ते हसू मी ओळखते, तुझ्या बाबांचं आहे.

बाबांना मी दोष देत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते शाळेत होते आणि आजोबा गिरणीत साचेखात्यात. दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही, फक्त माणसं विरत गेली. आजोबा आधी गावी गेले, मग परत येऊन एका इमारतीत वॉचमन झाले. भोंगा बंद पडला तरी पहाटे त्याच वेळेला उठून बसायचे. अशा घरात मी लग्न करून आले, आणि पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर युनियनच्या वर्गणीची कपात पाहिली. "हे काय?" एवढंच म्हणाले. मी काही बोलले नाही, पण वर्गणी बंदही केली नाही. युनियन चुकते, पुढारी हट्टाला पेटतात, भरडली जातात घरं, हे मला आपल्याच घरात दिसत होतं. तरीही नाही केली.

पुढे जे झालं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. त्यातलं अर्धं सांगायला सोपं आहे, म्हणून आधी ते सांगते.

१९९४ चा पावसाळा. मेडिकल वॉर्ड, चाळीस खाटा आणि त्या रात्री पेशंट एकसष्ट. काही खाटांवर, काही दोन खाटांच्या मधे गादी टाकून, काही पॅसेजमध्ये. मलेरिया, गॅस्ट्रो, कावीळ, सगळं एकत्र. आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. तू दोन वर्षांची, घरी तापाने फणफणलेली. पहाटे चारच्या सुमाराला सतरा नंबरचे काका खाटेवरून पडले. खाटेचा कठडा तुटका, सुतळीने बांधलेला. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला सलाईन लावत होते. काकांच्या डोक्याला मार लागला. वाचले, पण नातेवाईक जमले, नगरसेवक आला, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हातात मेमो पडला: ‘कर्तव्यात कसूर केल्याबद्दल आपणांविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा ४८ तासांच्या आत सादर करावा.’

घरी येऊन मी चार पानं लिहिली. माफी, तुझा ताप, चुकलेली लोकल, देवाची शपथ, सगळं त्यात. सकाळी ती घेऊन युनियनच्या खोलीत गेले. खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, दोन खुर्च्या, गठ्ठेच गठ्ठे. तिथे अण्णा बसायचे. त्यांनी चारही पानं शांतपणे वाचली, घडी केली आणि चहाच्या ग्लासाखाली ठेवली.

"सिस्टर, तुम्ही यात तीनदा ‘माझी चूक झाली’ असं लिहिलंय. काय चूक झाली, ते एकदाही लिहिलेलं नाही."

मग एकेक विचारत गेले. मंजूर खाटा किती? पेशंट किती? ड्यूटीवर कोण कोण? तुम्ही नेमक्या कुठे होतात, कुणाला काय देत होतात? कठडा कधीपासून तुटका? कुणाला सांगितलं होतं? "सांगितलं होतं," मी म्हटलं. "सांगितलं नको. लिहिलं कुठे?" तेव्हा मला आठवलं, दुरुस्तीच्या रजिस्टरात मी स्वतः नोंद केली होती. खाली जाऊन रजिस्टर शोधलं. नऊ आठवड्यांपूर्वीची तारीख, खाली माझी सही, आणि पुढे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं: ‘सुतार रजेवर’.

खुलासा अर्ध्या पानाचा झाला. त्यात एक विशेषण नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, मी खोटं काही लिहिणार नाही हं." ते म्हणाले, "खोटं लिहा म्हणतंय कोण? खरंच लिहा. फक्त सगळं लिहा." चौकशीच्या दिवशी ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. फार काही बोलले नाहीत. साहेबांनी आवाज चढवला तेव्हा एकदाच म्हणाले, "साहेब, हा प्रश्न लिहून घेऊ या का?" आवाज उतरला. मला लेखी ताकीद मिळाली. निलंबन टळलं, वेतनवाढ वाचली.

आता उरलेलं अर्धं.

आपल्याकडे आयाबाई म्हणजे मावशी आणि वॉर्डबॉय म्हणजे मामा. एकदा नातं लावलं की पगार किती, हे विचारायचं राहूनच जातं. त्या रात्रीची आमची मावशी बदली, म्हणजे कायम नसलेली, होती. तीन वाजता ती मला म्हणाली होती, "सिस्टर, सतरा नंबर सारखे वळवळतायत, पडतील." मी म्हटलं, "आधी पलीकडे बेडपॅन दे, मग बघू." हे वाक्य माझ्या अर्ध्या पानात नव्हतं. अण्णांनाही मी सांगितलं नव्हतं. मावशीला मेमो आलाच नाही, बदलीला मेमो लागत नाही. "उद्यापासून येऊ नका," एवढं पुरतं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, चौथ्या श्रेणीची युनियन वेगळी, आणि बदलीवाले तिच्याही खात्यात नाहीत. मी गप्प बसले. माझ्या घरात तापलेली पोर होती, तिच्याही घरात असेल, पण मी तेही विचारलं नव्हतं.

हे वाचून तुला माझा राग आला तर येऊ दे.

काल रात्री मी मोबाईलवर तिकडचं वाचत बसले. तुझ्याकडे आहे ते माझ्याकडे नव्हतं, म्हणून लिहिते. तिकडे १९९९ चा कायदा आहे. शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या सुनावणीला सोबत माणूस नेण्याचा तुला हक्क आहे. तो युनियनचा प्रतिनिधी हवा, नाहीतर तिथलाच सहकारी. आई चालत नाही, विचारून ठेवलंय मी. प्रतिनिधीला ती तारीख जमत नसेल तर सुनावणी पाच कामाच्या दिवसांच्या आत पुढे ढकलायला सांगता येते. तो तुझ्या वतीने मुद्दे मांडेल, मधेच तुला बाजूला घेऊन बोलेल, पण तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुलाच द्यावं लागेल. आणि एक मेख आहे. ‘जरा माहिती घ्यायची आहे, बसू या’ अशा पहिल्या बैठकीला हा कायदा लागू होत नाही. बऱ्याच ट्रस्टच्या, म्हणजे हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थांच्या, आपल्या नियमांत तिथेही सोबत चालते, तुमच्याकडचं बघ, आणि ईमेल करून विचार, तोंडी नको. घात होतो तो याच पहिल्या बैठकीत. तिथे चहा असतो, हसू असतं, आणि आपण सैल बोलतो.

तुझ्या बाबतीत नोकरी म्हणजे नुसती नोकरी नाही. नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव आहे तोवर तू तिकडे नर्स. व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपवर. नोकरी गेली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. एका स्टेटमेंटला एवढं सगळं लटकलेलं असतं, आणि ते तू झोपेत लिहिलंस. त्याची प्रत मागून घे. काही राहिलं असेल तर पुरवणी दे: त्या रात्री किती पेशंट होते, किती जणी हव्या होत्या आणि किती होत्या, आजोबा पडू शकतात असं कागदावर आधी कुणी नोंदवलं होतं का. आजोबांच्या घरच्यांशी खरं बोल. युनियन खरं लपवायला नसते, ते नीट मांडायला असते. आम्हालाही हे अण्णांनी शिकवावं लागलं.

तू म्हणशील, आता होते सभासद. हो, पण बहुतेक युनियन आधीच सुरू झालेल्या भानगडीत सभासदाचा पूर्ण भार घेत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालीस. तरी खण. या वेळी पाणी लागलं नाही तर पुढच्या वेळी लागेल.

कुठली युनियन, ते तू ठरव. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग १९१६ पासूनची, नर्सेसची म्हणून ओळखली जाणारी. युनिसन १९९३ मध्ये तीन युनियन एकत्र येऊन झालेली, तिच्यात नर्सही आहेत, हेल्थकेअर असिस्टंटही, पोर्टर आणि सफाईवालेही. मला विचारशील तर दुसरी. का, ते पुढे येतंच.

संपाची तुला चीड आहे, ठाऊक आहे. "पेशंटला सोडून रस्त्यावर?" म्हणालीस मागे. तुझ्या त्या कॉलेज ऑफ नर्सिंगने १०३ वर्षं संप केला नव्हता. पहिला केला डिसेंबर २०१९ मध्ये, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, आणि इंग्लंडात १५ आणि २० डिसेंबर २०२२ ला. तेव्हाही अतिदक्षता, केमोथेरपी, डायलिसिस चालू ठेवलं होतं. आमच्याकडे काळ्या फिती लावून काम करायचो, त्यापुढे गेलं की मेस्माचा, म्हणजे अत्यावश्यक सेवांच्या कायद्याचा, धाक. पण एक गोष्ट ऐक. नोव्हेंबर १९७३ मध्ये केईएम हॉस्पिटलच्या तळघरात कपडे बदलायला गेलेल्या तिथल्या नर्सवर, अरुणा शानभागवर, हल्ला झाला तेव्हा मुंबईच्या नर्सेसनी संप केला होता. मी शिकत होते तेव्हा सीनियर सिस्टर त्याबद्दल आवाज खाली आणून बोलायच्या. त्या हल्ल्यानंतर अरुणा तिथेच अंथरुणाला खिळली, आणि पुढे पालिकेने खाट मोकळी करायला तिला बाहेर हलवायचं म्हटलं तेव्हाही केईएमच्या नर्सेस आडव्या उभ्या राहिल्या, आणि पालिकेला ते सोडून द्यावं लागलं. १८ मे २०१५ ला ती गेली तोपर्यंत, बेचाळीस वर्षं, तिथल्या नर्सेसच्या एकेका पिढीने तिला आंघोळ घातली, भरवलं. काम बंद करणारे हात आणि भरवणारे हात एकाच जमातीचे होते. संप करणाऱ्या बाईला पेशंटची माया नसते, असं मला कुणी सांगू नये.

आता तुझ्या मावशीचं. त्या रात्री तुझ्याबरोबर एक हेल्थकेअर असिस्टंट होती, झिम्बाब्वेची, तुला हिवाळ्यात पहिला जाड कोट तिनेच दिला होता. तिच्याबद्दल तू काल एक शब्द बोलली नाहीस. तिचं स्टेटमेंट घेतलं का? तिच्यासोबत कोण बसलं? तुम्ही मजेत सांगता ना, ‘ती तर रक्तसुद्धा काढते, ईसीजी काढते.’ मग तिचा बँड, म्हणजे पगाराची श्रेणी, कुठला, ते तिला विचार. आंघोळ घालणं, भरवणं, बाथरूमला नेणं, हे बँड २ चं काम. रक्त काढणं, बीपी-तापाच्या नोंदी, कॅथेटर, हे बँड ३ चं. बँड २ च्या पगारात वर्षानुवर्षं बँड ३ चं काम करून घेतलं म्हणून युनिसनने ट्रस्टमागून ट्रस्टमध्ये मोहीम चालवली, काही ठिकाणी असिस्टंट संपावर गेल्या, आणि बऱ्याच जणींना बढतीबरोबर मागचा फरकही मिळाला. कामात कुणी कधी काय केलं, याच्या नोंदी वॉर्डातच असतात, आणि त्यावर सही बहुतेक वेळा नर्सची असते. म्हणजे तुझी. तिला साक्ष लागली तर तुझ्याकडे आहे.

तुझ्या तीन पानांत ती काय म्हणाली होती ते आहे का, एवढं मला कळव. पडायच्या आधी ती तुला काही म्हणाली होती का, आणि तू काय म्हणालीस. असेल तर पुरवणीत लिही, तुझ्या बाजूने पडत नसलं तरी. आधी प्रतिनिधीला दाखव, मग दे.

बाबांना हे पत्र वाचून दाखवलं. मावशीच्या जागी थांबवलं त्यांनी, नाव काय होतं विचारलं. मला नाव आठवेना. सात महिने एका वॉर्डात होतो आम्ही.

जेवत जा वेळेवर. फोन रविवारी कर, त्याआधी तिच्याशी बोल.

तुझी,
आई