कोळ्याला परिच्छेद, आईला अर्धी ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कार जे. आर. आर. टोल्कीन यांच्या बालपणावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा उत्सुकतेने आणि दुसऱ्यांदा आपल्या वाचण्यातून काही निसटले तर नाही ना, हे पाहण्यासाठी. निसटले काहीच नव्हते. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनच्या बागेत चावलेल्या कोळ्याला एक अखंड परिच्छेद आणि त्यावर पाव पानाचे चित्र मिळाले आहे, तर त्यांच्या आई मेबेल टोल्कीन यांना ‘पुढे आईही आजारपणात गेली’ एवढी अर्धी ओळ. पुरवणीत जागेची टंचाई असते हे मला मान्य आहे. ती कोळ्याला कशी बाधली नाही, एवढेच कळत नाही.

कोळी चावला हे खरे आहे. मूल तेव्हा नुकते चालू लागले होते आणि दायीने विष तोंडाने ओढून काढले, असे घरात सांगितले जाई. पण त्या एका दंशातून त्यांच्या पुस्तकांतले पुढचे सारे राक्षसी कोळी जन्मले, हा जो सिद्धान्त लेखकमहाशयांनी मांडला आहे, त्याला खुद्द टोल्कीन यांचीच संमती नाही. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांना १९५५ साली लिहिलेल्या पत्रात ते स्पष्ट म्हणतात की, तो प्रसंग आपल्याला मुळीच आठवत नाही, कोणी सांगितला नसता तर ठाऊकही झाला नसता, कोळ्यांचा आपल्याला विशेष तिटकारा नाही आणि न्हाणीच्या टबात सापडलेल्या कोळ्यांची तर आपण बहुधा सुटकाच करतो.

याच पत्रात आणखी एक आठवण आहे आणि तिचा लेखात मागमूसही नाही. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी पहिली गोष्ट लिहायला घेतली, ती एका ड्रॅगनची. गोष्ट पुढे ते साफ विसरले. लक्षात राहिले ते इतकेच की, ती वाचून आई ड्रॅगनबद्दल चकार शब्द बोलली नाही. इंग्रजीत ‘हिरवा मोठा ड्रॅगन’ असे म्हणता येत नाही, ‘मोठा हिरवा ड्रॅगन’ असे म्हणावे लागते, एवढेच तिने दाखवून दिले. असे का, हा प्रश्न मुलाला पडला आणि साठी ओलांडल्यावरही तो सुटलेला नव्हता. त्यानंतर पुष्कळ वर्षे आपण गोष्टीच्या वाटेला गेलो नाही, भाषेतच गुंतलो, असे ते पुढे लिहितात. ज्या लेखकाने आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलायला माणसे व त्यांना राहायला जग निर्माण केले, त्याच्या बालपणात याहून महत्त्वाचा प्रसंग कोणता असेल, ते लेखकमहाशयांनीच सांगावे.

या बाईंनी मुलांना घरी शिकवले. थोरल्याला, म्हणजे टोल्कीन यांना, चार वर्षांचा असतानाच वाचता येऊ लागले होते. पुढे लॅटिन, फ्रेंच, वनस्पतींची ओळख, चित्रकला आणि ते वळणदार अक्षर, हे सारे आईच्या हातचे. नवरा १८९६ च्या फेब्रुवारीत ब्लूमफाँटेनला वारला तेव्हा ती दोन मुलांसह इंग्लंडमध्ये होती. वडिलांना पाठवण्यासाठी चार वर्षांच्या मुलाने दायीकडून लिहवून घेतलेले पत्र टाकायचेच राहिले, कारण तोवर प्रकृती गंभीर असल्याची तार आली होती. १९०० साली तिने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि माहेरची माणसे दुरावली, मिळणारी मदतही आटली. मधुमेहाने ती १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये गेली तेव्हा ती ३४ वर्षांची होती आणि थोरला १२ वर्षांचा. मधुमेहावरचे इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचले गेले ते १९२२ मध्ये. मुलगा तिला जन्मभर धर्मासाठी झिजून गेलेली हुतात्मा मानत आला, आणि आपल्या पुरवणीत ती नुसती ‘आजारपणात गेली’.

हे मला इतके का झोंबावे, असे आपणास वाटेल. असाच प्रकार मी आमच्या घरी पाहिला आहे. माझ्या वडिलांची आई ते आठ वर्षांचे असताना वारली. वडिलांचे अक्षर मोत्यासारखे होते आणि ते गेल्यावर निघालेल्या एका स्मरणिकेत कोणा हितचिंतकाने लिहिले की, ‘मातृवियोगाच्या दुःखानेच त्या अक्षराला हे सौंदर्य दिले.’ वास्तविक ते अक्षर त्यांच्या मावशीने दिले होते. रोज तासभर पाटीवर गिरवून घेत, रेघ हलली की पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून. मावशीआजी तेव्हा हयात होत्या. लेख मीच त्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “बहीण तर माझीही गेली होती. माझं अक्षर का नाही सुधारलं?” मी स्मरणिकेच्या संपादकांना दुरुस्ती पाठवली, जागेअभावी ती घेता येत नाही, असे अत्यंत सौजन्यपूर्ण उत्तर आले. कालच्या लेखातले ‘पोरकेपणातूनच प्रतिभेचा झरा फुटला’ हे वाक्य वाचताना मला त्या उत्तराची भाषा आठवली. दुःखाला श्रेय देणे सोपे असते, कारण मग कोणाचे नाव छापावे लागत नाही.

शिवाय तो झरा कोठून फुटला याच्या खुणा लेखकमहाशयांना सहज सापडल्या असत्या. बर्मिंगहॅममधल्या किंग्ज हीथच्या घरामागून रेल्वे जाई आणि कोळशाच्या वाघिणींवर नँटिग्लो, ट्रेडेगर अशी वेल्श नावे रंगवलेली असत; ती न कळताही त्या मुलाला मोहवीत. मावसबहिणींनी प्राण्यांच्या नावांची एक भाषा रचली होती, ती त्याने उचलली. पुढे पालक म्हणून लाभलेले फादर फ्रान्सिस मॉर्गन यांची स्पॅनिश पुस्तके चाळून त्याने स्वतःची आणखी एक भाषा बनवली. त्या फादरना लेखात केवळ ‘प्रेमाला आडवा आलेला कर्मठ पाद्री’ म्हटले आहे. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत एडिथला, म्हणजे पुढे पत्नी झालेल्या प्रेयसीला, भेटायचे नाही, पत्रही लिहायचे नाही, ही बंदी त्यांनी घातली हे खरेच. परंतु मेबेलने मागे ठेवलेली पुंजी तुटपुंजी होती आणि तिच्यात स्वतःच्या मिळकतीतून गुपचूप भर घालणारेही तेच होते.

जाता जाता आणखी एक. एकाच लेखात या गृहस्थांचे आडनाव टोल्किन, टॉल्केन आणि टोलकिएन असे तीन प्रकारे छापले आहे. पहिल्या महायुद्धावरून परतल्यावर ऑक्सफर्डच्या शब्दकोशाच्या कचेरीत बसून ‘डब्ल्यू’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या व्युत्पत्त्या लावणाऱ्या माणसाच्या नावाची अशी दशा व्हावी, हे बरे नव्हे. ते स्वतः अखेरचा उच्चार ‘कीन’ असा करीत. मुद्रितशोधकांशी विचारविनिमय करून आपण एक रूप निश्चित करावे आणि पुढच्या रविवारी मेबेल टोल्कीन यांच्याविषयीच्या चार ओळींसह ते छापावे. जागा लागल्यास कोळ्याचे चित्र यंदा वगळता येईल.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक