काठी, ओळंबा आणि दोन शाळा : मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पृथ्वीचा घेर एकट्या शाळेला मोजता येत नाही. दोन लागतात, त्याही लांबच्या. शनिवारच्या ऑनलाइन बैठकीला तुम्ही हेच काम लावून दिलंत, म्हणून हे पत्र.

डहाणू-वेंगुर्ला ही जोडी का, ते आता आम्हीच इतरांना सांगतो. विषुवदिनाच्या सुमारास मध्यान्ही १ मीटर काठीची सावली डहाणूला ३६.३ सेंमीच्या आसपास पडते, वेंगुर्ल्याला २८.४. सूर्यकिरणांच्या कोनातला फरक ४.१ अंश. मोजताना ५ मिमी चुकलं की पाव अंश गेला, उत्तर ६ टक्क्यांनी ढळलं. रत्नागिरी-राजापूर जोडीत हीच चूक बहुतेक सगळं खाऊन टाकते, कारण तिथे फरकच जेमतेम एक तृतीयांश अंश.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, हेही तुम्ही पक्कं करून घेतलंत. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, रत्नागिरी ७३.३ वर : ३७ मिनिटं तिथेच गेली. मार्चच्या विषुवदिनाला सूर्य आणखी ७ मिनिटं मागे, म्हणून १२.४४. साडेबारापासून एकपर्यंत दर २ मिनिटांनी खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली धरायची. काठीला ओळंबा, जमिनीला गवंड्याची पाण्याची नळी. सूर्य अर्ध्या अंशाचा असल्याने सावलीचं टोक सेंटीमीटरभर धूसर असतं. त्या पट्ट्याचा मध्य घ्यायचा.

आपला आकडा शीटमध्ये भरेपर्यंत समोरच्या शाळेचा पाहायचा नाही, हा तुमचा नियम सर्वांत मोलाचा. पाहिला की सावली आपोआप ‘जुळते’! ढग आले तर दोघांनीही दिवस बदलायचा, एकाने नाही. मार्चात सूर्य दिवसाला ०.४ अंश सरकतो, म्हणजे १० टक्के चूक फुकटात.

अंतराचंही तसंच. महामार्गाचे किलोमीटर वळणांसकट असतात, ते चालत नाहीत. नकाशावर पट्टी ठेवून सरळ उत्तर-दक्षिण मोजलं की ४५५ च्या आसपास येतं. एका अंशाला १११ किमी धरून गुणणं म्हणजे उत्तरपत्रिका आधीच उघडणं, कारण तो आकडा घेरातूनच आलेला. ४५५ ला ३६० ने गुणून ४.१ ने भागलं, की घेर ४०,००० किमीच्या जवळ.

२३ सप्टेंबरला पुन्हा मोजायचं आहे. तेव्हा सूर्य साडेसात मिनिटं पुढे असतो, म्हणून रत्नागिरीची मध्यान्ह १२.२९ ला. शीटमधली मार्चची वेळ आम्ही बदलली आहे. एकदा नजर टाकावी.

आपले,
डहाणू ते वेंगुर्ला गटातील विज्ञान शिक्षक