बंद पडलेला प्रोग्रॅम उठवायला माणूस कशाला?

महोदय,
विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सुरक्षेची अपडेट्स वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनी मशिन्स भंगारात घालण्याऐवजी त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकावी, हा सल्ला हल्ली जो तो देतो. सल्ला योग्यच आहे. परळमधील एका सार्वजनिक वाचनालयाचे संगणक मी हौसेने सांभाळतो. तिथेही आम्ही तेच केले. पण लिनक्स टाकून देणारा गडी पैसे घेऊन गेल्यावर, संध्याकाळी ऐन गर्दीत पुस्तक देवघेवीचा प्रोग्रॅम आपोआप बंद झाला तर काय करायचे, हे कोणी सांगून जात नाही.

आमच्या काउंटरवरच्या ताई अशा वेळी सरळ भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू करत. मशिन सुरू होईपर्यंत रांग जिन्यापर्यंत जाई. शिवाय अशी अचानक वीज तोडली की फाइल खराब होण्याची भीती असतेच.

यावर इलाज चार-पाच ओळींच्या स्क्रिप्टचा, म्हणजे मशिनने आपोआप पाळायच्या आज्ञांच्या छोट्या फाइलचा. देवघेवीचा प्रोग्रॅम तीच उघडते आणि त्याच्यावर नजर ठेवते. प्रोग्रॅम नीट बंद केला तर तो जाताना सहसा शून्य हा आकडा ठेवून जातो. कोसळला तर दुसरा कुठला तरी. शून्य आला तर स्क्रिप्ट गप्प बसते. दुसरा आकडा आला तर वेळेसह तो एका फाइलमध्ये लिहिते, पाच सेकंद थांबते आणि प्रोग्रॅम पुन्हा उघडते. हे पाच सेकंद कोणी काटकसर म्हणून उडवू नयेत. उघडताक्षणीच कोसळणारा प्रोग्रॅम न थांबता उघडत राहिला तर सगळे मशिनच दमते. काही जण हे काम क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर सोपवतात. पण खिडकी कोणत्या पडद्यावर उघडायची हे क्रॉनला आपणहून कळत नाही. म्हणून स्क्रिप्ट लॉगिननंतर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत टाकलेली बरी.

लिनक्समधले प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या, सांभाळणाऱ्या सिस्टिमडीतही पुन्हा उघडण्याची ही सोय आहे. दहा सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा सुरू करायची वेळ आली तर, सेटिंग बदललेले नसेल तेव्हा, ते नाद सोडते. मात्र दोन प्रयत्नांत पाच सेकंदांचे अंतर ठेवले, तर ही मर्यादा कधी गाठलीच जात नाही! तेव्हा दहा सेकंदांची मुदतही वाढवावी लागते.

माझा खरा आग्रह आहे तो नोंदीच्या फाइलचा. नुसते उठवत राहिले तर दुखणे झाकले जाते. आमच्या फाइलमध्ये पुन्हा पुन्हा १३७ दिसू लागला. म्हणजे प्रोग्रॅम स्वतःहून पडत नव्हता, त्याला बाहेरून जबरदस्तीने मारले जात होते. सिस्टिमच्या नोंदी पाहिल्या तेव्हा कळले की मेमरी संपल्यामुळे लिनक्सच त्याचा बळी देत होते. दोन जीबीच्या त्या मशिनवर दुपारी कोणीतरी ब्राउझरमध्ये क्रिकेट लावून ठेवत असे. क्रिकेट हलले मोबाइलवर, आणि १३७ थांबला. १३९ असता, म्हणजे प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी वापरायला जाऊन कोसळला असता, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोष बहुधा प्रोग्रॅमचाच, आणि तो बनवणाऱ्याला गाठावे लागते.

प्रोग्रॅम नुसताच गोठला तर मात्र ही स्क्रिप्ट काही करत नाही, कारण तिच्या लेखी तो जिवंतच असतो.

तेव्हा वाचनालये, अभ्यासिका, सोसायट्या यांच्या कार्यकारिणींना विनंती, की लिनक्स टाकून घेताना ही स्क्रिप्ट मागून घ्या. नोंदीची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि १३७ दिसला तर काय करायचे, हे मराठीत कागदावर लिहून घ्या, मगच बिल चुकते करा. आमच्याकडे तो कागद काउंटरच्या काचेखाली आहे.

– एक ग्रंथालय कार्यकर्ता, परळ, मुंबई