गाठ काढून तपासायलाच हवी

संपादक महोदय,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लिम्फोमावरचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरचा, लेख दोनदा वाचला आणि रात्री झोप लागली नाही. लेख चांगल्या हेतूने लिहिलेला आहे, पेट स्कॅनचं, म्हणजे शरीरात साखर जास्त ओढणारे भाग उजळवून दाखवणाऱ्या तपासणीचं, कौतुकही खोटं नाही. पण सोबतच्या रंगीत फोटोखाली 'लाल-पिवळे दिसणारे भाग म्हणजे कर्करोग' असं छापलंत. त्या फोटोत मेंदू लालभडक आहे, मूत्राशयही. तुमचा-माझा स्कॅन काढला तरी ते तसेच दिसतील. मेंदू सतत साखर खातो आणि टोचलेली किरणोत्सारी साखर लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून. माझ्या मुलीचा असाच फोटो हातात पडला तेव्हा तिची आई जिन्यातच बसली. "डोक्यातही गेलं का हो?" एवढंच विचारत राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर भेटेपर्यंत घरात चूल पेटली नाही. काल ती ओळ वाचून आणखी किती जणांच्या पोटात गोळा आला असेल?

आणि मथळा! 'सुरी न लावता गाठीचं निदान'. याच समजुतीत आमचे पाच महिने गेले.

मुलगी 22 वर्षांची. श्रावणात मानेच्या मुळाशी बोराएवढी गाठ आली, दुखत नव्हती. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'सजेस्टिव्ह ऑफ कॉक्स' असं होतं. कॉक्स म्हणजे टीबी, हे आम्हाला औषधाच्या दुकानात कळलं. गाठ गोल, दोन सेंटीमीटरची, मधली चरबीची रेघ नाहीशी झालेली. टीबीत असं दिसतं, लिम्फोमातही असंच दिसतं. तुकडा तपासून घ्या असं कोणी म्हणालं नाही आणि एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. आपल्याकडे मानेतली गाठ पुष्कळदा टीबीचीच निघते, हे मला मान्य आहे. त्या डॉक्टरांवर राग धरू नये असं मी स्वतःला रोज बजावतो. पण डिसेंबरात, सगळं नाशिक दुलईत असताना, पोरीची उशी घामाने पिळून काढण्यासारखी व्हायची. आठ किलो वजन उतरलं. विचारलं की उत्तर एकच, "औषधं जड असतात, धीर धरा." काखेत दुसरी गाठ आली तेव्हा एका सर्जननी पहिल्यांदा विचारलं, "बायोप्सीचा रिपोर्ट कुठे आहे?" आमच्या फाईलमध्ये तो नव्हताच.

त्यांनी अख्खी गाठ काढली. सुईने ओढलेल्या थेंबभर पेशींवर भागत नाही, कारण हॉजकिन्स या लिम्फोमाच्या प्रकारात कर्करोगाच्या पेशी मोजक्याच असतात आणि भोवती साध्या पेशींची गर्दी, हे त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने काढून दाखवलं. फॉर्मॅलिनची बाटली लॅबपर्यंत मी स्वतः नेली. निदान आलं हॉजकिन्स लिम्फोमा.

पेट स्कॅन त्यानंतर झाला. सहा तास उपाशी, मग इंजेक्शन, मग तासभर न बोलता पडून राहायचं. जानेवारीची सकाळ होती, तिथल्या मुलाने तिला दोन ब्लँकेटं पांघरली. गारठ्यात मानेजवळची तपकिरी चरबी साखर ओढून घेते आणि गाठीसारखीच उजळते, म्हणून ही काळजी. टीबीची गाठही अशीच उजळते. म्हणजे गाठी कुठे आहेत, रोग कुठवर पसरलाय, कोणती गाठ काढणं सोपं, हे स्कॅन सांगतो. गाठ कशाची, ते सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं. तुमच्या लेखात एवढं एक वाक्य हवं होतं.

केमोच्या दोन सायकलनंतर पुन्हा स्कॅन झाला. उरलेल्या गाठींची चमक छातीतल्या रक्ताच्या आणि यकृताच्या चमकेशी ताडून 1 ते 5 असा आकडा देतात, डोव्हिल म्हणतात त्याला. तिचा 2 आला. औषध लागू पडलंय, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी मी त्या मशीनला हात जोडले, तेव्हा मी स्कॅनच्या विरोधात आहे असं कृपया समजू नये.

जाता जाता आणखी एक. हे रिपोर्ट फक्त इंग्रजीत का? 'सजेस्टिव्ह' म्हणजे 'शक्यता आहे', खात्री नाही, हे त्या कागदावर मराठीत एका ओळीत असतं, तर मी सप्टेंबरातच पुढचा प्रश्न विचारला असता. सिन्नर, दिंडोरी, पेठहून इथे येणाऱ्या माणसाने तो कागद कोणाकडून वाचून घ्यायचा? यावर आपण लिहावं.

पुढच्या पुरवणीत फोटोखालची ओळ दुरुस्त करून, त्याच जागी, तेवढ्याच आकारात छापावी ही विनंती. मुलीच्या फाईलमध्ये आपल्या पेपरची कात्रणं मी जपून ठेवतो. कालचं पान तिच्या हाती पडू नये म्हणून कपाटात ठेवलं आहे.

एक वडील,
सिडको, नाशिक