आमची किटबॅग नागपूरला पोचवणाऱ्या अनोळखी भावांचे आभार

ब्रह्मपुरीहून नागपूरला हॉकी स्पर्धेला निघालेल्या आमच्या पोरींची किटबॅग नागभीडनंतर कुठेतरी गाडीच्या टपावरून पडली. स्टिका, शिनगार्ड, गोलकीपरचे पॅड, सगळं त्यातच. उमरेडला चहाला थांबलो तेव्हा कळलं. अंधारात भिवापूरपर्यंत मागे जाऊन रस्ता धुंडाळला, काहीच हाती लागलं नाही. पोरी रडून रडून झोपल्या.

सकाळी पाहतो तर बॅग मैदानाच्या फाटकाशी! चौकीदार म्हणाला, पहाटे एक पिकअप आली, दोघं उतरले, बॅग ठेवून निघूनही गेले. नाव नाही, नंबर नाही. पॅडच्या पट्ट्यांत लाल मिरचीचं बी अडकलेलं, बॅग उघडताच सगळ्या शिंकायला लागल्या. म्हणजे भिवापूरकडून मिरची घेऊन निघालेली गाडी असावी. मैदानाचं नाव आतल्या स्पर्धेच्या पत्रकावरून कळलं असेल. तुटलेला बंदही सुतळीनं शिवून दिला होता, पोत्याचं तोंड शिवतात तसा, घट्ट.

भाऊ, हॉकीचा चेंडू दगडासारखा कडक असतो. पॅड नसते तर आमच्या गोलकीपरला मी गोलात उभंच केलं नसतं. तुमचे लय उपकार झाले. कोणी त्यांना ओळखत असेल तर एवढा निरोप द्या: पुढच्या सामन्याला पोरींनी तुम्हाला बोलावलं आहे.