गुलाम राझिक यांची आठवण आता तरी नोंदवून घ्या

मा. क्रीडामंत्री,
पाकिस्तान सरकार, इस्लामाबाद

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला शाळकरी मुलामुलींना अडथळ्यांची शर्यत शिकवते. मनातलं नेमकं उतरतं ते मराठीत, म्हणून मराठीतच लिहिते आहे.

७ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये अर्शद नदीम यांनी ९०.१८ मीटर भाला फेकून राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं. तेव्हा बातम्यांत एक ओळ होती : ॲथलेटिक्समधलं पाकिस्तानचं १९६२ नंतरचं पहिलं सुवर्ण. ते १९६२ चं सुवर्ण गुलाम राझिक यांचं, पर्थच्या १२० यार्ड हर्डल्समधलं. साठ वर्षांनी त्यांचं नाव निघालं ते एवढ्या हिशेबापुरतं.

ही ओळ मला फार लागली. १०६.७ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे, दोहोंमध्ये ९.१४ मीटर आणि तेवढ्यात तीनच पावलं. चांगली वेगवान मुलंही चौथ्या-पाचव्या हर्डलला ताल चुकतात आणि मागच्या पायाचा गुडघा आपटून घेतात. आणि हा फौजी माणूस १९५८ ला टोकियोत आशियाई सुवर्ण जिंकतो, आठ वर्षांनी बँकॉकला तेच परत जिंकतो! मधल्या काळात रोम आणि टोकियोची ऑलिंपिक, त्याआधी मेलबर्न. हर्डल्सवाल्याची कंबर आणि मांड्या इतकी वर्षं टिकल्या कशा? सराव मातीवर होता की गवतावर? पाय दुखावला की काय करत? मला मुलांना सांगायला हे हवं आहे.

त्यांच्याआधी, १९५४ ला मनिलात, याच शर्यतीचं सुवर्ण आमच्या सरवन सिंग यांनी जिंकलं होतं. पुढे त्यांच्यावर टॅक्सी चालवायची वेळ आली. विसरण्याचा दोष आमच्याकडेही आहे, म्हणून हे तक्रारीच्या सुरात लिहीत नाही.

राझिक यांच्याबरोबर धावलेले जे हयात असतील, ते आता ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या घरी माणूस पाठवा, बोलणं ध्वनिमुद्रित करून घ्या, पंजाबीत असेल तर पंजाबीतच राहू द्या. लष्कराच्या जुन्या कपाटांत सरावाच्या वह्या, फोटो, फिल्मची रिळं आहेत का, तेही शोधायला सांगा. मिळेल ते इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं करा. उर्दू वाचून दाखवणारं कुणीतरी मी इथे शोधीन.

आपली,
नाशिकची एक हर्डल्स प्रशिक्षक